नाडीचं दुसरं टोक

बायकोसोबत शेवटचं काम केलं ते पायजम्यात नाडी ओवायचं. ती सेफ्टीपिन लावून नाडी आत सरकवत होती, मी नेफ्याच्या दुसऱ्या तोंडाशी बसलो होतो. टोक दिसलं तसं मी ओढलं, आणि तिच्या हातचं टोक आत गेलं.

"तुमले ओढानी घाईच शे," ती म्हणाली. उद्या बघू म्हणून पायजमा घडी करून ठेवला. सकाळी ती उठलीच नाही.

त्यानंतर पाच महिने त्या घडीला मी हात लावला नाही. बोलणंही टाकलं होतं. मुलगा कडोदऱ्याला लूमवर, यंत्रमागावर जाई. घरात सून आणि मी. सून साड्यांवरचे धागे कापायचं काम करी, ते उरकलं की कॉम्प्युटर शिके. एका ऑफिसनं तिला प्रोग्राम लिहायला दिला होता. संध्याकाळी सातपर्यंत चालता करून पाठवला तर नोकरी, मग धागे कापणं सुटणार. चार वाजले तरी तो चालेना. ती रडकुंडीला आली, म्हणून मी शेजारी जाऊन बसलो. मी चौथी शिकलेला, मला काय कळणार.

पण तिनं एका शब्दावर ती चमकती रेघ नेली, आणि खाली लांब दुसराच शब्द रंगला.

"हे काय झालं?"

"बाबा, वरच्या शब्दानं काम उघडतं, खालच्यानं बंद होतं. एकावर उभं राहिलं की त्याचा जोडीदार रंगतो. आणि हे बटण दाबलं की थेट त्याच्यापाशी उडी."

तिनं उडी मारून दाखवली. मला ते लई आवडलं. परत दाखव म्हटलं. सहा-सात वेळा दाखवायला लावलं.

"बाबा, माझी परीक्षा आहे, जत्रा नाही."

"दाखव गं. एकेक जोडी दाखव."

लूमवर राच भरायची असते, म्हणजे तारांच्या चौकटीतल्या एकेका डोळ्यातून एकेक धागा काढायचा. एक डोळा रिकामा राहिला की पुढचे सगळे धागे दुसऱ्याच्या घरात जातात. मालक शिव्या देतो ते शेवटच्या धाग्यापाशी, चूक असते मागं कुठंतरी. हे मी चाळीस वर्षं केलंय.

ती उड्या मारत गेली. प्रत्येक जोडी वर-खाली एका ओळंब्यात उभी होती. आणि एका शब्दाचा जोडीदार तिरका, पार डाव्या कडेला रंगला.

"थांब. यानं दुसऱ्याचा जोडीदार पळवला. याचा स्वतःचा कुठंय?"

सुनेनं ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "लिहायचाच राहिला."

तिनं तो एक शब्द घातला. सगळ्या जोड्या सरळ झाल्या आणि प्रोग्राम चालला. सहा वाजता पाठवूनही दिला. मी इतका खूश झालो की उठून आतल्या खोलीत सांगायला गेलो. दारात पोचल्यावर कळलं, आत कोणी नाही.

सकाळी पायजम्याची घडी उलगडली. बाहेरचं टोक धरून नेफ्यावर अंगठा फिरवत गेलो. पार पलीकडे, तोंडापासून चार बोटं आत, तिच्या हातून गेलेल्या टोकाची गाठ लागली. नेफा चुणत चुणत ती बाहेर काढली, दोन्ही टोकं सारखी केली. पायजमा घातला आणि दूध आणायला गेलो.