बोलणी खाऊन शिकलेली भाषा

पॉप गाणाऱ्या त्या बाईला घरचे बुलबुल म्हणत. वीस वर्षं दुसऱ्याच भाषेत गाऊन ती नावारूपाला आली. स्पॅनिश ही तिच्या आईची भाषा. आई गेल्याला नऊ वर्षं झाली, आईचा आवाज कानातून पुसट होत चालला, तेव्हा कुठे बुलबुलने स्पॅनिशमधला पहिला अल्बम हाती घेतला.

आता गंमत अशी, की आई एरवी चारचौघांची भाषा बोलायची आणि स्पॅनिश काढायची ती फक्त रागावताना. त्यामुळे लेकीची स्पॅनिश म्हणजे सगळी बोलणी खाऊन शिकलेली! स्टुडिओत हेडफोन लावून ती विरहाचं गाणं गायला लागली. ‘ये ना रे परत’ ही ओळ आली की आवाज असा चढायचा, जणू प्रियकर चिखलाचे बूट घालून घरात शिरलाय.

रेकॉर्डिस्टने सातव्यांदा थांबवलं. “ताई, त्याला बोलावताय की त्याचा कान उपटताय? असं बोलावल्यावर कोण येईल?”

“मी यायचे की. पळत यायचे.”

मग तिने ओळ गोड करून गायली. लोण्यासारखी उतरली. तो खूश झाला. तिने मात्र आधीची, सातव्या वेळची ओळ आणि ही, अशा दोन्ही ऐकवायला लावल्या. गोड ओळीत तिचा एकटीचा आवाज होता. सातव्या टेकच्या शेवटच्या शब्दात आई पाठमोरी उभी राहून भांडी आपटत होती.

“हाच ठेव.”

“लोक हसतील, ताई.”

“हसू देत. अजून एकदा लाव ना.”

त्याने लावला. मग न सांगताच पुन्हा लावला.