आधी इशारा, मग आज्ञा

सुलभा साळवे गेल्याचा फोन आला तेव्हा कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये प्रिंटर खडखडत होता. पलीकडून तिचे वडील, नाना, काय म्हणताहेत ते ऐकू येईना. त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं... "सुलू गेली गं." याला आता महिना होत आला.

आम्ही दोघी सातपूरच्या त्या कारखान्यात एकदमच लागलो. कॉम्प्युटरचं मशीन आलं, त्याबरोबर ऑपरेटिंग सिस्टिमची जाडजूड मॅन्युअल्स आली. ती सगळी वाचली एकट्या सुलभाने. पहिल्या भागात आपण टाइप करायच्या आज्ञा, दुसऱ्यात प्रोग्रॅमने सिस्टिमला करायच्या मागण्या, पुढे फाइलींची रचना. प्रत्येक भाग इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने, आणि प्रत्येक पान एकाच साच्याचं. आज्ञेचं नाव, ती लिहायची कशी, ती काय करते, आणखी कुठे पाहावं, आणि सर्वांत शेवटी तिच्यातल्या त्रुटी. बनवणाऱ्यांनी स्वतःच्याच त्रुटी छापल्यात याचं मला कौतुक वाटलं. सुलभा म्हणाली, "छापल्यात गं, पण तळाशी. तिथवर वाचतंय कोण?"

ते खरं ठरलं. हजेरीचं काम बघणारे अहिरे सटाण्याकडचे. एका फाइलची प्रत काढताना त्यांनी प्रतीला चुकून महिन्याच्या हजेरीच्या फाइलचंच नाव दिलं. मशीनने काही न विचारता जुनं सगळं पुसून टाकलं. ही धोक्याची सूचना मॅन्युअलमध्ये होती, पानाच्या अगदी तळाला. आमच्या साहेबांनी अहिरेंना बोलावून घेतलं. बाहेर आल्यावर सुलभाला म्हणाले, "ताई, माले इंग्रजी वाचता येस. पन ज्यानं नावच माहीत नही, ते शोधू कोठे?"

सुलभा साहेबांशी भांडली. "चूक त्यांची नाही सर, मांडणीची आहे. नाव माहीत असेल त्यालाच हे पुस्तक उपयोगी पडतं."

"तिकडे अमेरिकेत चालतं ना? मग इथेही चालेल."

अहिरेंची नोकरी गेली. सुलभाने त्याच आठवड्यात मराठीत हातपुस्तक लिहायला घेतलं. कामावरून शोधायचं, नावावरून नाही: 'प्रत काढायची आहे', 'पुसायचं आहे', 'चुकून पुसलं गेलं'. प्रत्येक पानावर आधी इशारा, मग आज्ञा. त्याच सुमारास तिचे पाय सुजायला लागले. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. डायलिसिससाठी मुंबईला खेपा सुरू झाल्या. परतल्यावर ती भिंतीला टेकून लिहायची. शेवटी बोटं वळेनात, तेव्हा ती सांगायची आणि मी लिहायचे. मध्येच थांबून विचारायची, "हे तुला समजलं? की समजल्यासारखं करतेयस?"

पुस्तक पुरं झालं नाही. ती गेल्यानंतर कारखान्याने मशीनच बदलायचं ठरवलं. नव्यात आज्ञा वेगळ्या, म्हणजे तिची पानं कुणाच्याच कामाची नाहीत. हे नानांना सांगायला मी नाशिकरोडला त्यांच्या घरी गेले. खिडकीशी बसून ते तीच पानं वाचत होते. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी काही तुमचं ते मशीन पाहिलेलं नाही, पोरी," ते म्हणाले, "पण प्रत काढायच्या आधी तिला द्यायचं नाव दुसऱ्या कुणाचं आहे का ते बघावं, एवढं मला समजलं... बरोबर ना?"

"बरोबर, नाना."

त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.