उंदीर, घोडा आणि लिफ्टसमोरचं टेबल

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. दुकानातून येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते ओट्याखाली आपोआप साठतात, एकात एक कोंबलेले. एक ओढायला जावं तर पाच बाहेर येतात. सिंगापुरात आता पिशव्यांना पैसे पडतात, किस्से अजून फुकट आहेत. तेव्हा घ्या!

हे सगळे एकाच टेबलाचे. आमच्या ब्लॉकच्या तळाशी मोकळी जागा आहे, तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे लिफ्टसमोर जमिनीत रोवलेलं दगडी टेबल आणि चार दगडी स्टुलं. हलवता येत नाहीत. आपण हललो तरच.

*

हे गेल्यावर माझ्या मुलाने, अभयने, मला फलटणहून इथे आणलं. तो हार्बरफ्रंटला जहाजांच्या कंपनीत, सून केतकी नोव्हेनाला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नात रिया शाळेत. साडेसातला अकराव्या मजल्यावरचं दार लागतं, ते संध्याकाळी सातला उघडतं. मधल्या वेळात घरात दोनच आवाज. फ्रिजचा आणि माझा. आठव्या दिवशी फ्रिज मला उलट उत्तर देतोय असं वाटलं, तेव्हा चपला घातल्या आणि खाली आले.

टेबलाशी एक चिनी म्हातारी मुगाच्या मोडांची शेपटं खुडत बसली होती. मी बघतच राहिले. आम्ही मोड यावेत म्हणून दोन दिवस वाट बघतो आणि ही बया ते खुडून टाकतेय!

मी समोर बसले. तिने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाली, “तू कुठलं जनावर?”

मी चौथी शिकलेली बाई. बाकी सगळं माझं मी शिकले. इंग्रजी औषधांच्या बाटल्या आणि अभयची जुनी पुस्तकं वाचून. त्यामुळे प्रश्न मला नीट समजला होता.

“जनावर तू!” मी म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “हॉर्स. तू?”

मग कळलं, यांच्यात वय असं विचारतात. बारा वर्षांची बारा जनावरं. पासपोर्टवरचं साल सांगितलं, तिने बोटं मोजली. “रॅट.”

उंदीर! फलटणला माझ्यासमोर कोणी मोठ्याने शिंकत नसे, आणि इथे येऊन मी उंदीर! तिने समजावलं, बारांमध्ये उंदीर पहिला. शर्यतीत बैलाच्या पाठीवर बसून आला आणि शेवटी उडी मारून पुढे गेला.

“म्हणजे लबाड,” मी म्हणाले.

“म्हणजे हुशार लाह,” ती म्हणाली (इथे वाक्याच्या शेपटाला असं ‘लाह’ जोडतात), आणि मोडांची परडी उचलून माझ्या बाजूला येऊन बसली. रॅट आणि हॉर्सचं हाडवैर असतं म्हणे. समोरासमोर बसायचं नाही. शेजारी चालतं.

तेव्हापासून आम्ही शेजारीच. दोघींची तोंडं लिफ्टकडे. तिचं आडनाव लिम, मी म्हणायची लिमबाई. आमचं बोलणं इंग्रजीत. तिचं एकीकडून मोडकं, माझं दुसरीकडून.

*

लिफ्टकडे तोंड करून बसलं की माणूस दुसरं काय करणार? लिफ्ट उघडली की बाहेर येणाऱ्याचं जनावर ओळखायचं. लिमबाई चाळीस वर्षं याच ब्लॉकमध्ये, तिला सगळ्यांची खरी सालं ठाऊक. मी हरायचे. माझ्या मुलाला बघून मी ऐटीत “ड्रॅगन” म्हणाले, तर ती म्हणाली, “रॅबिट. बघ, कामावर जाताना कसा धावतो, येताना कसा धावतो. आई दिसत नाही.”

सालाप्रमाणेही तो ससाच निघाला.

एकच माणूस आमच्या दोघींच्या हातून सुटला होता. चौथ्या मजल्यावरचा छत्रीवाला. दोन वर्षांपूर्वी राहायला आला. ऊन असो, ढग असो, हातात छत्री. कोणाशी एक अक्षर बोलत नाही. रोज दहाला खाली येतो आणि लिफ्टमधूनच करी पफ, म्हणजे इथली तिखट करंजी, खात येतो.

“डुक्कर,” मी म्हणाले. “खाणं बघ!”

“गोट,” लिमबाई म्हणाली. “गोट पाण्याला घाबरतो. छत्री बघ.”

“पैज?”

“पैज. हरलीस तर महिनाभर माझे मोड तू खुडायचे.”

मी उठले, त्याला विचारून निकाल लावावा म्हणून. तिने माझा पदर धरून खाली बसवलं.

“घाई कसली? आज विचारलंस तर उद्या काय करायचं?”

*

टेबलाचे तिसरे सभासद राजन अंकल. तामिळ, रिटायर्ड बस ड्रायव्हर. राहुकाळात दातसुद्धा घासत नाहीत, पण लिमबाईच्या जनावरांना हसायचे. “बारांमध्ये हत्ती नाही! हत्ती नसेल तर कसलं शास्त्र?”

“हत्ती शर्यतीला वेळेवर आला नाही,” लिमबाई म्हणाली. “तुमच्या बससारखा.”

त्याच दिवशी मी तिला साडेसाती समजावून सांगितली. शनी मागे लागला की साडेसात वर्षं सोडत नाही. ती शेपटं खुडायची थांबली. यांच्यात स्वतःच्या जनावराचं वर्ष आलं की ते वर्ष वाईट. लाल मोजे घालायचे, देवळात नाव नोंदवायचं, जपून राहायचं. वर्ष संपलं, सुटलात.

“साडेसात?” ती म्हणाली. “फार लांब लाह. तू आमचं घे!”

*

दर चिनी नववर्षाला ती देवळातून एक पातळ पुस्तक आणायची. त्यात प्रत्येक जनावराला पुढच्या वर्षाचा सल्ला. मला चिनी येत नाही, ती वाचून सांगायची. सापाच्या वर्षी माझ्यासाठी लिहिलं होतं, ‘रॅटने यंदा वडीलधाऱ्या माणसांचा आधार घ्यावा.’

मला हसूच आलं. “सत्त्याहत्तराव्या वर्षी वडीलधारं माणूस कुठून आणू?”

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “मी सहा वर्षांनी मोठी आहे ना?”

*

आता एक जूनचा किस्सा. आमच्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मला. शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख ठोकून द्यायचे. मीही त्यातलीच.

तर त्या एक जूनला अभय बोटीच्या कामाला बाहेरदेशी, केतकीची ड्युटी, रियाचा कॅम्प. दुपारी बेल वाजली. ॲपवरून केक आला होता. वर माझं नाव, ‘हॅपी बर्थडे आई’. देणाऱ्याने दारातच माझा केकसकट फोटो काढला. पोचल्याचा पुरावा म्हणून. तो फोटो अभयला गेला, त्याने अंगठा पाठवला. झाला वाढदिवस!

मी केक खाली नेला. लिमबाई घरी गेली आणि वाटीभर लांब शेवया आणि लाल रंगवलेलं अंडं घेऊन आली. “शेवई तोडू नको. आयुष्य तुटतं.”

“अगं, हा माझा वाढदिवस नाहीच,” मी म्हणाले. “मास्तरांनी काहीतरी लिहिलंय. खरी तारीख कोणाला ठाऊक!”

तिने अंडं माझ्यापुढे सरकवलं. पण ती बाई ऐकलेलं काहीच टाकून देत नसे.

*

मग यंदा घोड्याचं वर्ष लागलं. लिमबाईचं स्वतःचं. नववर्षानंतर तिची मुलगी पेई टेबलाशी आली. पोरगी सभ्य, दोन्ही हातांनी मला संत्री दिली आणि म्हणाली, “आंटी, रागावू नका. मा चौऱ्याऐंशीची, त्यात तिचं वर्ष. भविष्य बघणाऱ्या मास्टरने सांगितलंय, यंदा रॅट जवळ नको. एक वर्षाचाच प्रश्न आहे.”

“मी उंदीर असेन, पण प्लेग नाही!” मी म्हणाले. संत्री टेबलावर ठेवली आणि वर आले. लिमबाई खाली मान घालून मोड खुडत होती.

नऊ दिवस मी खाली बसले नाही. बाजाराला जायचं झालं तर मागच्या जिन्याने अकरा मजले उतरले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! भीती नव्हती. कोणी मला टाळायच्या आधी आपणच टाळलेलं बरं. घरात कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घड्या घातल्या. पहिल्या आठवड्यासारखा फ्रिज बोलायला लागला. अभयने विचारलं, “आई, खाली जात नाहीस?” मी म्हणाले, “कंटाळा आला त्या बायकांचा.” तो बरं म्हणाला आणि फोनकडे वळला. रॅबिट.

माझा या थोतांडावर काडीचा विश्वास नाही. तरी पाचव्या दिवशी मी फलटणला दादाला फोन लावला. “माझं खरं साल कुठलं?”

“अगं, आक्काच्या लग्नाची पत्रिका माझ्या ट्रंकेत आहे, साल छापलंय,” दादा म्हणाला. “त्या लग्नात आई सात महिन्यांची पोटुशी होती, तुझ्या वेळी. मास्तरांनी तारीख खोटी लिहिली, पण साल अगदी बरोबर दिलं बघ!”

आयुष्यात एकदा मास्तर बरोबर, आणि तेही नको तिथे.

*

दहाव्या दिवशी बेल वाजली. दारात लिमबाई. पायात लालभडक मोजे, हातात काठी. पाच वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या घरी आली होती. आत येऊन खुर्चीवर बसली, माझ्या समोर नाही, शेजारी.

“तू म्हणालीस, मास्तरने लिहिलं. म्हणजे तुला माहीत नाही. नीट आठव. आई काही बोलली होती?”

पत्रिकेतलं साल माझ्या जिभेवर होतं. मी फटकळ बाई. सासूला तोंडावर बोलले, सरपंचाला बोलले, यांना तर रोजच बोलले. खोटं कधी बोलले नव्हते, गरजच पडली नव्हती.

“नाही माहीत,” मी म्हणाले.

“छान,” लिमबाई म्हणाली. “मग मी सांगते. इतकी भांडतेस, रॅट कशी असशील? तू टायगर. टायगर आणि हॉर्स बेस्ट फ्रेंड. चल खाली. मोड वाट बघतायत.”

अशी मी एका सकाळी दोन वर्षांनी लहान झाले. राजन अंकलनी ऐकलं आणि हात जोडले. “सिंगापुरात आजवर फ्लॅट अपग्रेड व्हायचे. आता बायकाही!”

पेईला पटलं की नाही ठाऊक नाही. पण आईपुढे तिचं काही चालत नसे. लिमबाईने पुस्तकातून माझा नवा सल्ला वाचून दाखवला. ‘टायगरने यंदा जुन्या जागा सोडू नयेत.’

खरंच तसं लिहिलं होतं का, देव जाणे.

*

तीन महिने मी वाघ होते.

मग एका दुपारी लिमबाई जेवून सोफ्यावर आडवी झाली आणि उठलीच नाही. पायात लाल मोजे होते, पेईने सांगितलं. वय झालं होतं, डॉक्टर म्हणाले. अभयही म्हणाला, “वय झालं होतं, आई.” सगळे मला तेच सांगत होते, मी काही विचारलं नव्हतं तरी.

इथे माणूस गेलं की ब्लॉकखालीच मांडव घालतात. आमच्या टेबलाभोवती पांढरे पडदे लागले, टेबलावर सरबताची खोकी आणि शेंगदाण्यांच्या बश्या. तीन दिवस मी राजन अंकलशेजारी बसले. मधलं स्टूल आम्ही दोघांनी रिकामं ठेवलं, न ठरवता.

शेवटच्या दिवशी पेटी बंद करायची वेळ झाली. पिवळ्या झग्यातल्या पुजाऱ्याने माईकवरून काही पुकारलं आणि पाच-सहा माणसांनी पटापट पाठ फिरवली.

पेई माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले. “आंटी, रॅटवाल्यांनी आता बघायचं नसतं. बघितलं तर दोघांनाही चांगलं नाही. पण तुम्ही टायगर ना? मा म्हणाली होती. या पुढे, शेवटचं बघून घ्या.”

तिने माझा हात धरला. दोन पावलं टाकली असती तर लिमबाईचं तोंड दिसलं असतं.

“नाही,” मी म्हणाले. “मी उंदीर.”

आणि पाठ फिरवली.

समोर लिफ्ट होती. नेहमीसारखी.

दहा वाजले असावेत. लिफ्ट उघडली आणि चौथ्या मजल्याचा छत्रीवाला बाहेर आला. हातात छत्री, हातात करी पफ. समोर पाच-सहा माणसं मांडवाकडे पाठ करून थेट त्याच्याकडे बघत उभी. तो जागच्या जागी थबकला.

“अंकल,” मी म्हणाले, “तुम्ही कुठलं जनावर?”

राजन अंकलनी मला कोपर मारलं. छत्रीवाल्याने मांडवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. बारीक होता.

“गोट.”

मागे झाकण सरकल्याचा आवाज येत होता. मी मान वळवली नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडले.

“लिमबाई, गोट!”