अण्णा आणि इलाख्याची तूट

अण्णा गेल्याची बातमी आणली ती आमच्या मूळ गावच्या सखाराम गाडीवानाने. मी शाळेत शिकवायला निघाले होते. दारात बैलगाडी थांबलेली ऐकली तेव्हा मला वाटलं, आला एकदाचा अण्णा. आणि सांगितल्यापेक्षा उशीर केल्याबद्दल त्याला काय काय बोलायचं, तेही मी मनात जुळवून ठेवलं होतं. अण्णा खरंच आला होता... गाडीत, घोंगडीखाली. गावात त्याला थंडी वाजून ताप भरला, छातीत कळा येऊ लागल्या. गावात डॉक्टर नाही, म्हणून रात्रीच गाडी जुंपून त्याला इथे रत्नागिरीला आणायला निघाले. पाली मागे पडली. हातखंब्याजवळ त्याने पाणी मागितलं आणि ते ओठाला लावेपर्यंत सगळं संपलं होतं. सखाराम हे सांगताना रडत होता आणि मी मात्र बैलांना पाणी ठेवायला हवं असं काहीतरी बडबडत होते.

त्याला आता महिना उलटून गेला.

अण्णा माझा सख्खा थोरला भाऊ. वहिनी लवकर गेली, मी लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतले; तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मला शिकवून मुलींच्या शाळेत मास्तरीण केलं ते त्यानेच. पेशाने तो वकील, पण कोर्टापेक्षा वाचनालयाच्या ओसरीवर जास्त सापडायचा. लोकांना नाटकाचं वेड असतं, ह्याला अंदाजपत्रकाचं होतं! दरवर्षी फाल्गुनाच्या सुमारास मुंबईच्या वर्तमानपत्रांत सरकारचं अंदाजपत्रक छापून आलं की घरात सणाची गडबड. त्या दिवशी भाजीत मीठ आहे की नाही हे त्याला कळत नसे. संध्याकाळी ओसरीवर दुकानदार, कारकून, कोर्टाच्या कामाला आलेले खेड्यांतले शेतकरी असे सगळे जमायचे आणि अण्णा त्यांना ते समजावून सांगायचा. शेतसारा किती येणार, स्टॅम्पाचं उत्पन्न किती, दारूवरच्या अबकारीचं किती; त्यातून पोलीस, शाळा, रस्ते, दवाखाने चालवायचे; आणि येणाऱ्यापेक्षा जाणारं जास्त झालं की ती तूट. तूट आली की तीन वाटा, कर वाढवा, कर्ज काढा, नाहीतर खर्च तोडा. कर्ज काढून बंधारा बांधला तर फेडणाऱ्या नातवंडांनाही त्याचं पाणी मिळतं, पण कर्ज काढून पगार वाटले तर नातवंडांच्या हाती काय लागणार, असं तो विचारायचा. ऐकणारे माना डोलवायचे. मी त्याला चिडवायची, "अण्णा, मुंबईचं सरकार चाललंय तुझ्या भरवशावर, आपलं वाण्याचं बिल कोणाच्या भरवशावर चाललंय?" तो हसायचा आणि पुन्हा कागदात डोकं घालायचा.

मग मंदीची वर्षं आली. नारळ, आंबे, भात, सगळ्यांचे भाव बसले, सरकारचं उत्पन्नही बसलं. त्यातल्या एका वर्षी अंदाजपत्रकात मोठी तूट होती आणि ती भरून काढायला सरकारने खर्चाला कात्री लावली. अण्णाला ते पसंत होतं. ओसरीवर त्याने सांगितलं, "आपल्या गावच्या देवळातल्या उत्सवासारखंच आहे हे. उत्सव उरकला की सभामंडपात हिशेब वाचतात. कमी पडलं असेल तर पुढल्या वर्षी रोषणाई कमी करायची. सरकारने तेच केलंय, आणि शहाणपणाचं केलंय." हे ऐकायला आमच्या गावची माणसंही होती.

दोन महिन्यांनी कळलं, कात्री कुठे लागली ते. पालीच्या पुढे आमचं मूळ गाव. तिथे लोकल बोर्डाचा छोटा दवाखाना होता, एक डॉक्टर आणि एक कंपाउंडर. आसपासच्या वाड्यांना तेवढाच आधार. सरकारकडून येणारं अनुदान तुटलं आणि दवाखाना बंद करायचं ठरलं.

पुढे जे झालं ते आठवलं की अजून मला हसू येतं. एका सकाळी गावची आठ-दहा माणसं आमच्या अंगणात आली. डोक्यावर तांदळाची गाठोडी, नारळ, आणि फडक्यात बांधलेली चिल्लर. सखारामने गाठोडं अण्णाच्या पायाशी ठेवलं.

"वकीलसायब, तूट आनलाव."

"कसली तूट?" अण्णाला कळेना.

"सरकारची. तुमीच बोललाव न्हाय, देवलातल्यासारकाच हाय म्हनून? उत्सवात कमी पडला की आमी काय दिवं इजवत न्हाय, मंडपातच वर्गनी काडताव. आमच्या वाटनीची ही घ्या, नि सरकारास्नी सांगा, दवाखाना बंद करू नका."

मला हसू आवरेना. अण्णाकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं. तो पायरीवर बसला होता आणि फडक्यातल्या चिल्लरीकडे बघत होता. ती वर्गणी सरकारजमा होत नसते, सरकार म्हणजे देऊळ नव्हे, हे त्याने त्यांना कसंबसं सांगितलं. माणसं आपली गाठोडी उचलून परत निघाली; नारळ मात्र ठेवून गेली, रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून. ती गेल्यावर तो मला म्हणाला, "यमे, मी त्यांना चुकीचं शिकवलं ग. देवळात तूट ज्यांची, तेच बसून ठरवतात काय कमी करायचं ते. इथे ठरवणारे निराळे आणि सोसणारे निराळे. आणि त्या कात्रीला मी शाबासकी दिली..."

त्यानंतरही तो ओसरीवर बसायचा, पण एकूण तूट किती हे सांगून थांबत नसे. कोणाचं काय तोडलं, कोणाचं तसंच ठेवलं, ओळीओळीने वाचून दाखवायचा. अर्ज केले, मुंबईच्या कायदे कौन्सिलातल्या मेंबरांना जाऊन भेटला. सगळीकडे आदराने चहा मिळाला आणि तूट आहे असं उत्तर मिळालं. तूट म्हणजे काय ते अण्णाला समजावून सांगत होते, बिचारे! शेवटी रत्नागिरीच्या एका डॉक्टरांकडून क्विनाइन, मलमं, जुलाबाची पावडर अशी औषधं घ्यायची, ती कशी द्यायची ते विचारून घ्यायचं, आणि दर पंधरा दिवसांनी स्वतः गावी न्यायची, असं त्याने सुरू केलं. मी रागवायची. वय काय, दगदग काय... "तुझ्या चार पुड्यांनी इलाख्याची तूट भरणार आहे का?" तो पिशवी खांद्याला अडकवत म्हणायचा, "नाही भरणार. पण माणसं वाट बघत असतात ग." गेल्या माघात तापाची साथ होती. तरी गेला. घरोघर पुड्या देत फिरला आणि साथीने त्यालाच धरलं. औषधं सगळी वाटून झाली होती.

परवा यंदाचं अंदाजपत्रक आलं. वर्तमानपत्र नेहमीसारखं अंगणात येऊन पडलं. मी ते कधी वाचत नसे. वाचायला घरात माणूस होता. परवा मात्र त्याच्या खोलीत गेले, त्याच्या खुर्चीत बसले आणि पहिल्यापासून वाचायला लागले. तूट बरीच कमी झाली आहे, म्हणे. संपादकांनी सरकारच्या काटकसरीबद्दल अभिनंदन केलं आहे. मी शेतसारा वाचला, अबकारी वाचली, पोलीस, शिक्षण, दवाखाने, सगळी सदरं वाचली. ओळीओळीने वाचली, तो वाचायचा तशी. ही जी तूट कमी झाली, त्यात माझा अण्णा कुठल्या सदराखाली धरला आहे, ते मला कुठेच सापडलं नाही.