देवाला दिलेली दुपारची झोप

एका चातुर्मासात मी वेरूळला घृष्णेश्वरासमोर हात जोडून म्हटलं होतं, "देवा, ह्यांना झोप लागू दे. त्याबदल्यात माझी दुपारची झोप तुला दिली." दुसरं देण्यासारखं माझ्याकडं काही उरलंच नव्हतं. कांदा, लसूण, वांगं सगळं आधीच्याच नवसांत संपलेलं.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी वाळूजच्या एका कंपनीत रात्रपाळी करण्यात गेली. रिटायर झाले आणि झोपेनं त्यांच्याशी बोलणंच टाकलं. रात्री झोपायची सवय नाही म्हणून लागेना, आणि दिवसा दमायला काम नाही म्हणून लागेना. डोळे खोल गेले, शर्ट ढिले झाले. डॉक्टरांच्या गोळीनं नुसती गुंगी यायची, झोप काही येत नव्हती. मला तर त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

पण नेमाची एक गंमत असते बघा. आपण जागं राहायला लागलो की दुसऱ्यांची झोप दिसायला लागते. पिशवीत पिशव्या साठतात तसे हे किस्से माझ्याकडं साठत गेले.

पहिला तर नवस बोलून परत येतानाच घडला. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलेलो. उन्हाची वेळ, दर्शन झालेलं, पोटात प्रसाद. खुलताबाद यायच्या आत अख्खी जीप पेंगायला लागली. जागे तिघंच, एक ड्रायव्हर, नवसामुळं मी, आणि तिसरे हे. कोण कुठं उतरणार ते ह्यांनी चढतानाच ऐकून ठेवलेलं. एकेक गाव आलं की खांद्याला हात लावून उठवायचे, "कागजीपुरा कुणाचं? उठा, मामा." "दौलताबादवाल्या बाई, पिशवी घ्या."

उतरता उतरता ती बाई मला म्हणाली, "वैनी, तुमच्या मालकांना रोज पाठवत जावा ह्या गाडीवर. लई उपकार होतील."

मी हसले खरी, पण मनात म्हटलं, देवा, ज्याच्या झोपेसाठी आले त्यालाच उठवायच्या कामाला लावलंस?

आमची सून मुग्धा कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, तुम्ही पावर नॅप घेत जा. म्हणजे वीसेक मिनिटांची डुलकी. आता मोठमोठ्या कंपन्यांत कामाच्या वेळात घ्यायला सांगतात."

हे भाकरी मोडत म्हणाले, "आमच्या कंपनीत त्याला मेमो म्हणायचे."

श्रावणात आमच्या घरी दुपारी गल्लीतल्या बायका कहाणी ऐकायला जमतात. त्यांच्या कानावर हा नॅप गेला तर त्यांनी मुग्धेलाच मध्ये बसवलं. ती सांगत होती की हा इंग्रजीतला फार जुना शब्द, पहिल्यापासून त्याचा अर्थ हलकी झोप, डुलकी असाच. मखमलीवर जी मऊ लव असते तिलाही नॅपच म्हणतात, पण तो शब्द वेगळा, विणकरांकडून आलेला. दोघांचं काही नातं नाही. एकाच आडनावाची दोन बिऱ्हाडं शेजारी राहावीत तसं.

आमच्यात सगळ्यांत वडील कौसल्यामावशी. त्यांना काही हे पटलं नाही. म्हणाल्या, "नातं नाय कसं? मखमलीवर हात फिरवला की मला तर झोपच येती."

आणि पाच मिनिटांत त्यांनी ते सिद्ध करून दाखवलं. मखमल नसतानाही.

शेजारच्या रझियाआपांना मी नवसाचं सांगितलं तर त्यांना माझीच दया आली. म्हणाल्या, "भाभी, हमारे में तो दोपहर को थोड़ा लेटना सुन्नत है, पैगंबर साहब की रीत. कैलूला बोलते उसको." त्यांच्या मालकांचं शहागंजात कापडाचं दुकान. आपा एकदा डबा घेऊन गेल्या तर गल्ल्यामागं मालक झोपलेले, गादीवर गिऱ्हाईक झोपलेलं, आणि त्या गिऱ्हाइकाला शोधायला आलेला त्याचा भाऊही तक्क्याला टेकून झोपलेला.

मी विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

"क्या करती? शटर आधा नीचे करी, पंखा बड़ा करी, आ गई."

आता हुंकाराचं सांगते. कहाणी सांगायची तर ऐकणारीनं हातात अक्षता धरून मध्ये मध्ये "हूं" म्हणावं लागतं. हुंकार नसेल तर कहाणी पुढं न्यायची नाही. हे काम कौसल्यामावशींकडं असायचं, आणि त्या झोपेतही ते चोख करायच्या. एका सोमवारी कहाणी संपली, आरती झाली, तरी मावशींचं चालूच. कुणीतरी हळूच विचारलं, "मावशी, पुढच्या सोमवारी उपास सोडायला सगळ्यांनी तुमच्याकडं यायचं ना?"

"हूं."

"पुरणपोळी करणार?"

"हूं."

जाग्या झाल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी मुठीतल्या अक्षतांकडं बघितलं, मग आमच्याकडं. म्हणाल्या, "अक्षता हातात होत्या म्हंजे दिला शब्द." आणि खरंच पुढच्या सोमवारी पुरणपोळी केली. वाढताना मात्र एकीशीही बोलल्या नाहीत.

शेवटच्या सोमवारी कुणीच आलं नाही. मावशी लेकीकडं क्रांती चौकात गेलेल्या, बाकीच्या वेरूळला. हुंकाराला माणूस नाही. मी ह्यांच्या हातात अक्षता दिल्या आणि भिंतीशी बसवलं.

"मला झोप येईना, आन् तुझं हे भलतंच," असं म्हणत बसले. सुरुवातीला कंपनीत हजेरी द्यावी तसे ठणठणीत "हूं" देत होते. मग जरा हळू. मग नुसता श्वास. मग हुंकारच येईना.

मी वर बघितलं. मान भिंतीला टेकलेली, मूठ घट्ट, आणि तोंड लहान पोरासारखं उघडं.

थांबावं तर कहाणी अर्धी राहते. पुढं जावं तर हुंकार नाही. हाक मारायची तर मलाच धीर होईना. तेवढ्यात दारात रझियाआपा, माझी वाटी परत द्यायला आलेल्या. त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, चपला काढल्या आणि उंबऱ्याशी बसल्या. मी चार अक्षता पुढं केल्या. त्यांनी त्या घेतल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "हूं."

मी कहाणी पुढं नेली. ती संपली, तरी हे झोपलेलेच. मी मंगळवारची सुरू केली. मग शुक्रवारची. मध्ये एकदा आपांनी कानाशी येऊन विचारलं, "वो पहलीवाली की सास सुधरी क्या?" मी मानेनंच हो म्हटलं. दिवेलागणीपर्यंत आठवड्यातले बरेच वार आम्ही उरकले.

तुमच्या घरात कुणाला झोप येत नसेल, तर एवढं माझं ऐका. दुपारी त्याच्या मुठीत चार अक्षता द्या आणि एखादी कहाणी सांगायला बसा. हुंकार बंद पडला तर थांबू नका. आवाज तेवढा खाली आणा.