मोठ्यानं केलेली प्रार्थना

घरगुती प्रार्थनासभेत मी ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले तर माझी धाकटी जाऊ उभी होती. बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेलेच. उघडायची कुणाची हिंमत होत नव्हती.

“आवं आक्का,” ती म्हणाली, “देवाला सांगायचं हुतं तर मनात सांगायचं. त्याला मनातलं ऐकू येत न्हाई व्हय?”

आणि ती चपला न घालताच बाहेर पडली.

मी प्रार्थनेत मागितलं होतं ते एवढंच, की प्रभो, माझ्या पुतण्याची दारू सोडव, महिना झाला, तो परत प्यायला लागलाय. हे त्याच्या आईनं, म्हणजे जावेनंच मला स्वयंपाकघरात, दार लावून सांगितलं होतं. आणि समोरच्या कॉटवर कराडहून आलेले नवरा-बायको बसले होते. त्यांची मुलगी पुतण्याला द्यायची जवळजवळ ठरली होती. त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि चारची एस.टी. गाठली.

त्या वर्षी आमच्या सांगलीच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकांनी सगळ्यांना एकेक कार्ड दिलं होतं. आपोआप कुणी वाढत नाही, ठरवून वाढावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. कार्डावर चार रकाने. रोजचं वाचन, पाठांतर, आजाऱ्याची भेट आणि घरगुती सभेत मोठ्यानं प्रार्थना. माझी शाळा चौथीपर्यंत. पहिले तीन रकाने मी रेटले असते, चौथ्याची भीती होती. चाळीस वर्षं सभेत मी फक्त आमेन म्हणत आले होते. मग भाकरी थापताना सराव सुरू केला. नवरा ओरडायचा, “कुणाशी बोलतीस गं?” पाळकबाईंनी शिकवलं, की मोघम मागू नका, माणसाचं नाव घ्या, गरज सांगा. तेच मी केलं.

कराडचे लोक बसलेत हे विसरले, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. ते बसलेत हे मला चांगलं माहीत होतं. माझी प्रार्थना किती छान चाललीय हे त्यांच्या कानावर पडावं असं वाटत होतं. बोलण्याला लय आली होती, ती मोडवेना.

लग्न मोडलं. मी जावेकडे तीनदा गेले. भिंतीला भिंत लागून घर, पण दार उघडलं नाही. पाळकांकडे गेले तर म्हणाले, “बाई, यासाठी प्रार्थना करू या.” मला त्यांच्या तोंडावर हसू आलं आणि रागही आला. आता कसली प्रार्थना?

पुतण्या मात्र भेटायचा. हळदीच्या वखारीत टेम्पो चालवायचा. म्हणाला, “काकू, एक बरं केलंत. आता चोरून प्यावं लागत न्हाई.” आणि खरंच उघड्यावर प्यायला लागला.

नाताळला माझ्या कार्डाचे चारही रकाने भरलेले निघाले. मंडळीत माझ्या एकटीचेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला पुढे बोलावून साक्ष द्यायला, म्हणजे देवानं माझ्यात काय केलं ते बोलायला सांगितलं. जाऊ शेवटच्या बाकावर होती, टाळ्या न वाजवता बसलेली. मी दोन वाक्यं बोलून खाली आले. वर्षभर पहाटे उठून, पाठ करून, आजाऱ्यांची घरं पालथी घालून मी काय वाढले होते, तर माझ्या सख्ख्या जावेला माझं तोंड बघवत नव्हतं. कार्ड मी चुलीत घातलं. पुढच्या वर्षीचं घेतलं, कारण सगळे घेत होते, पण चौथा रकाना कोराच ठेवला. पाळकबाईंनी विचारलं तर मी म्हटलं, घसा बसलाय.

सहा वर्षं ती बोलली नाही. मग तिला मिरजेला दवाखान्यात ठेवलं, किडन्या गेल्या होत्या. मी डबा घेऊन गेले. तिथंच उभ्या उभ्या म्हटलं, “चुकलं माझं. त्या लोकांसमोर मला मिरवायचं होतं.” एवढं मी देवासमोरही सरळ बोलले नव्हते.

तिनं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, “ठावं हाय मला.”

मी विचारलं, “प्रार्थना करू का तुझ्यासाठी? मनातल्या मनात?”

“नगं. पाय चेपा. लय गोळे येत्यात.”

मी पाय चेपले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, अकरा दिवस चेपले. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही परत विचारलं नाही. पाळक येऊन म्हणाले, “बघा, ही खरी वाढ.” मी म्हटलं, “आधी चेपले असते तर तुमच्या कार्डात कुठं लिहिलं असतं?”

बाराव्या दिवशी ती गेली. तिचा मुलगा आहे, अजून पितो. आणि मी आहे.