दादाच्या दंडांवरचे डाग

चूक माझी होती, आणि ती मी भर पंगतीत केली होती. दादा झोपेतच गेला, ही बातमी देवासला मला फोनवर दिली ती वैशालीनेच, त्याच्या सुनेने. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली... आणि मला आधी ती पंगतच आठवली.

हृदयाची झडप बदलल्यापासून दादा रक्त पातळ करणारी गोळी घ्यायचा आणि तिच्या नावाने खडे फोडायचा. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त. दाढी करताना जरा कापलं की कापूस दाबून बसायचं, म्हणून दाढीच वाढवली. पाठीवर पुरळ उठलं, खाजेने हैराण झाला, पण डॉक्टरांना सांगेना. फोनवर मलाच ऐकवायचा. मी चिडलो की माळवी ढंगात म्हणायचा, "भिया, गोळी बंद केली तर झडप चालवायला तू येशील का?"

नवरात्रात कुळधर्माला मी दादाकडे धारला गेलो, तेव्हा त्याच्या दोन्ही दंडांवर बोटांएवढे काळेनिळे डाग दिसले. वैशाली वाढत होती. सगळ्यांदेखत मी तिला विचारलं, म्हाताऱ्या माणसाला असं धरतात का? ती वरण वाढत पुढे गेली. दादाच कातावला. "अरे, गोळीचे डाग आहेत ते. ती उठवते म्हणून मी उभा राहतो." मला वाटलं, सुनेला पाठीशी घालतोय. डॉक्टरांना एक फोन केला असता तर भागलं असतं.

दिवाळीत पाहिलं, तर वैशाली त्याला हातच लावत नव्हती. त्याचा पूजेचा जुना रेशमी मुकटा त्याच्या कमरेला बांधून, त्या मुकट्याला धरून उठवायची. "बैल केलाय माझा, तुझ्यामुळे," दादा माझ्यावर करवादला. त्याच आठवड्यात मी त्याला तपासायला नेलं. रक्त फारच पातळ झालंय म्हणून डॉक्टरांनी डोस कमी केला, आणि पुरळाचं मीच सांगितलं. संध्याकाळी दादाने बाही वर केली. रक्तदाबाचा पट्टा बांधला होता, तिथे निळं कडं उमटलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. तरी मी वैशालीला काही बोललो नाही.

परवा दादाच्या मासिक श्राद्धाला धारला गेलो. मुकटा अजून खाटेच्या दांडीला होता, गाठीसकट. पानं वाढून झाली होती, माणसंही तीच. मी वैशालीला थांबवलं.

"वैशाली, ह्याच पंगतीत मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. डाग गोळीचे होते. दिवाळीत कळूनही मी गप्प बसलो. मला माफ कर."